नागपंचमीची कात्री, नाकाच्या शेंड्यावरचा फोड आणि खोली नंबर अकरा

आधीच सांगते, या रिव्ह्यूत कुठल्याच दवाखान्याचं नाव नाही. नाव लिहिलं तर तारखेवरून मी कोण ते कळेल, आणि आमच्या गल्लीत तसंही सगळ्यांना सगळं लवकर कळतं. ज्यांना फक्त पत्ता हवाय त्यांचा इथं वेळ जाईल. बाकीच्यांनी वाचा. पैसे, वेळ आणि डाव्या डोळ्याची थोडी नजर खर्च करून मी हे शिकलेय.

मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. इचलकरंजीपासून जवळचं गाव, घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी. हे मागावर जातात. तेव्हा माझं वय ३९.

२०२३ साल. त्या वर्षी अधिक महिना होता, श्रावण संपता संपेना, आणि त्यात सगळीकडे डोळ्यांची साथ. शाळेत पोरं, बँकेत कॅशियर, जो तो काळा गॉगल लावून. नागपंचमी २१ ऑगस्टला, सोमवारी आली. नागपंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवशी एकीचं डोहाळजेवण होतं आणि ब्लाउजचं अस्तर कापायचं राहिलं होतं. सासूबाई वारुळाला गेल्या तेवढ्यात मी कात्री चालवली. परत आल्यावर फरशीवरच्या चिंध्या बघून त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे लक्षात ठेवलं.

बुधवारी संध्याकाळी चांद्रयान उतरलं. सगळं घर टीव्हीसमोर, टाळ्या, आणि मी स्वयंपाकघरात डोकं धरून बसलेली. कपाळाची डावी बाजू अशी चुरचुरत होती की केसांना कंगवा लागला तरी डोळ्यात पाणी यावं. डोकेदुखी मला नवी नाही, पण ही केसांच्या मुळांत होती. पदर डोक्यावरून गेला तरी ठणका.

पहिलं ठिकाण, औषधाचं दुकान. गुरुवारी डावा डोळा लाल झाला. दुकानदारानं काउंटरवरूनच बघितलं, "साथ आहे वैनी," म्हणाला आणि थेंबांची बाटली दिली. त्या दिवसात तो तासाला दहा बाटल्या विकत असणार, त्याला काय दोष द्यायचा. पण चुरचुर कपाळात आहे हे मी सांगत होते आणि तो सुट्टे शोधत होता. पाचपैकी एक.

दुसरं ठिकाण, एक खाजगी डॉक्टर. शुक्रवारी कपाळावर पुरळ उठलं, शनिवारपर्यंत त्याचे पाण्याचे फोड झाले. डावीकडंच. कपाळाच्या मधोमध जणू कुणी खडूनं रेघ मारलेली, उजवीकडं एकही फोड नाही. पापणी सुजून डोळा अर्धा मिटलेला. डॉक्टरांनी दोन मिनिटांत ॲलर्जी ठरवली. कुठली मेंदी लावली, कुठला साबण, असं विचारलं. अंगाला लावायचं मलम दिलं आणि डोळ्यासाठी स्टिरॉइड मिसळलेले थेंब. ते स्टिरॉइड होतं हे मला नंतर कळलं. फी घेतली, पावती दिली नाही. यांना एकही तारा नाही. रविवारी सकाळी नाकाच्या शेंड्यावर एक फोड आला, मुगाएवढा. तो डोळ्यापासून लांब होता म्हणून मी त्याला काडीची किंमत दिली नाही.

ओळखलं ते शेजारच्या काकूंनी. दारातूनच म्हणाल्या, "अगं, ही नागीण हाय." सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की कात्रीचं आता निघणारच. निघालंच. आमच्याकडं समजूत अशी की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस जातो. सासूबाई रोज माझ्या कपाळाला बोट न लावता, नुसती नजर फिरवून, वेढा किती झाला ते मोजायच्या. खरं तर नागीण शिरेच्या (रक्ताच्या नाही, जाणिवेच्या शिरेच्या) वाटेनं एकाच बाजूला येते, वेढा सहसा पुरा होतच नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर चार रात्री तरी झोप लागली असती.

तर तिसरं ठिकाण, नागीण उतरवणारे बाबा. हसू नका. सोमवारी यांनी गाडीवरून शेजारच्या गावाला नेलं. म्हातारा माणूस, गोठ्याशेजारी बसलेला, वाटीत काव भिजवलेली. त्यांनी माझा पदर बाजूला करायला लावला, फोड बघितले, मग नाकाचा शेंडा बघितला आणि वाटी खाली ठेवली. म्हणाले, "पोरी, पाठीवर, कमरेवर असती तर मी काव लावली असती. डोळ्यापाशी मी हात लावत नाही. एकाचा डोळा गेला माझ्यासमोर. आज नाहीतर उद्या डोळ्याच्या मोठ्या दवाखान्यात जा." पैसे घेतले नाहीत, नेलेला नारळही परत दिला. डिग्रीवाल्यानं जे केलं नाही ते यांनी केलं. कावेवर माझा विश्वास नाही, मंत्रावरही नाही, पण आपलं काम कुठं संपतं हे ज्याला कळतं त्याला मी पाचपैकी तीन देते.

आता चौथं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. ट्रस्टचं डोळ्याचं हॉस्पिटल. मंगळवार, २९ ऑगस्ट. एसटीनं गेलो, बायकांना अर्धं तिकीट त्याच वर्षी झालेलं. केसपेपर शंभर रुपयांचा. गर्दी अफाट, बाक अपुरे, प्यायच्या पाण्याची टाकी रिकामी. साथीमुळं लाल डोळ्यांच्या लोकांची रांग वेगळी केली होती आणि मला आधी त्याच रांगेत उभं केलं. तासाभरानं चार्टवरची अक्षरं वाचून घेणाऱ्या मुलीनं माझी ओढणी बाजूला केली, कपाळ बघितलं आणि मला थेट आत नेलं. आधीच कोणी बघितलं असतं तर तो तास वाचला असता. एक तारा मी इथंच कापते.

डॉक्टर बाई तरुण होत्या, तिशीच्या आसपास. डोळ्याकडं बघायच्या आधी त्यांनी माझ्या नाकाकडं बघितलं.

"हा नाकावरचा फोड कधी आला?"

"रविवारी."

"आणि डोळा जास्त कधीपासून दुखतोय?"

"रविवारपासूनच."

त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला पेननं चेहरा काढला. कपाळातून येणाऱ्या शिरेला फांद्या फुटतात, त्यातली एक फांदी डोळ्याच्या आत जाते आणि तिचंच टोक नाकाच्या शेंड्याला येतं. म्हणून शेंड्यावर फोड दिसला की डोळ्यात शिरकाव झाला असं धरून चालायचं. या खुणेला हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरचं नाव आहे, दीडशे वर्षांपासून माहीत असलेली गोष्ट. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शिरेच्या मुळाशी झोपून राहतो, आणि अंगातली ताकद उतरली की उठतो. तीच नागीण. चित्र काढायला त्यांना दीड मिनिट लागलं असेल. मी तो केसपेपर जपून ठेवलाय.

मग तपासणी. मशीनवर हनुवटी टेकवली, कपाळ टेकवायला सांगितलं ते काही टेकवता येईना, तर त्यांनी पट्टीवर कापसाची घडी ठेवली. कापसाची वात करून तिचं टोक बुबुळाला लावलं. उजव्या डोळ्याला लावल्याबरोबर पापणी मिटली, डाव्याला लागलेलं कळलंच नाही. केशरी रंगाची कागदाची पट्टी डोळ्याला लावून निळा उजेड टाकला आणि शिकायला आलेल्या मुलाला दाखवलं, बुबुळावर झाडाच्या बारीक फांद्यांसारखी जखम. जुन्या डॉक्टरांचे थेंब पर्समधून काढून दाखवले तर म्हणाल्या, "हे मी सांगेपर्यंत बंद." ओरडल्या नाहीत, त्या डॉक्टरला शिव्याही घातल्या नाहीत. मला दोन्ही चालल्या असत्या.

गोळी असायक्लोव्हिर, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा. पाच वेळा म्हणजे कधी हे कुणी सांगत नाही. यांनी लिहून दिलं: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, आणि पाणी भरपूर. फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झाली तर सगळ्यात चांगलं, म्हणाल्या. माझे ७२ तास मलमात गेले होते. तरी नवे फोड येत होते म्हणून दिलीच, दहा दिवस. घरात गरोदर बाई किंवा ज्याला कांजिण्या आल्या नाहीत असं लहान मूल आहे का, हेही विचारलं. जाऊबाई सातव्या महिन्यात होत्या. त्यांना त्याच रात्री माहेरी पाठवलं.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले, पाऊण तास बसवलं आणि डोक्याला दिवा लावून डोळ्याचा पडदा बघितला. दोन्ही डोळ्यांचा, दुखत नसलेल्या उजव्याचाही. इथं त्या गप्प झाल्या. परत बघितलं. वर बघा, खाली बघा, नाकाकडं बघा. मग साखर आणि बीपी विचारलं, तिथल्या तिथं दोन्ही तपासलं. दोन्ही नॉर्मल.

तेव्हा त्यांनी शिकाऊ मुलाला बाहेर पाठवलं, सिस्टरना दार ओढून घ्यायला सांगितलं, आणि यांना म्हणाल्या, "दादा, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा, मी ताईंशी बोलते." हे आधी हलेनात. बायकोच्या डोळ्यात असं काय की नवऱ्यानं ऐकू नये? त्या म्हणाल्या, "मी सगळ्यांनाच बाहेर बसवते." खरं होतं की नाही कुणास ठाऊक, पण हे उठले.

वजन कमी झालंय का? झालं होतं. ब्लाउज माझे मीच दोनदा आत घेतले होते, अधिकचे उपवास म्हणून खूश होते. तोंडात पांढरा थर? वर्षभरात दोनदा येऊन गेला होता, मी जिरेपूड लावली. खोकला, रात्री घाम, कधी रक्त चढवलं का, टीबी झाला का? मग सरळ म्हणाल्या:

"ताई, एक टेस्ट सांगणार आहे, एचआयव्हीची. चाळिशीच्या आत इतकी जोरात नागीण डोळ्यावर आली की मी प्रत्येकाला सांगते. तुमच्या पडद्यावर कापसाच्या पुंजक्यासारखे डाग आहेत. ते साखरेनं येतात, बीपीनं येतात, तुम्हाला दोन्ही नाही. टेस्ट करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात तरी डोळ्याचं औषध असंच चालू राहील."

शेवटचं वाक्य मला पाठ आहे. पुढं एका बैठकीत कळलं की २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालाय, आणि माणसाच्या संमतीशिवाय ही टेस्ट करता येत नाही. त्या बाईंनी कायद्याचं नाव घेतलं नाही, कायदा पाळला. काही लोक न सांगता रक्ताच्या इतर तपासण्यांत ही टेस्ट घुसडतात, ऑपरेशनच्या आधी तर सर्रास, आणि मग रिपोर्ट नातेवाइकाच्या हातात देतात.

मी विचारलं, "म्हणजे मला आहेच का?"

"माहीत नाही. नागीण आली म्हणजे एचआयव्ही असं नाही. साठीनंतर कुणालाही येते, साखरवाल्यांना येते, जागरणानं थकलेल्यांना येते. म्हणूनच टेस्ट करायची."

शेजारच्या काकूंनाच बासष्टाव्या वर्षी कमरेला आली होती, तेव्हाच तर त्यांनी ओळखली. त्यांना कुणी टेस्ट सांगितली नाही आणि गरजही नव्हती. हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर कुणीतरी हे वाचून आपल्या आजीला धरून नेईल. चार तारे. पाण्याची टाकी भरली असती तर साडेचार.

सरकारी दवाखाना, खोली नंबर अकरा. टेस्ट फुकट, म्हणून शुक्रवारी, १ सप्टेंबरला, एकटी गेले. यांना सांगितलं डोळ्याच्या ड्रेसिंगला जाते. एचआयव्हीची टेस्ट आणि सल्ला मिळतो त्या या सेंटरला तिथं सगळे आयसीटीसी म्हणतात, मराठी पाटीवर भलं मोठं नाव आहे. तक्रार तीच. पाटी इतकी मोठी आणि समोरच औषधाच्या खिडकीची रांग. अकराच्या दारातून आत जाणारा प्रत्येक जण पन्नास माणसांसमोरून जातो. मी गॉगल लावलेला होता. साथीचा एवढाच उपयोग झाला.

आत समुपदेशक म्हणून एक सर होते. पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. पहिला प्रश्न त्यांनी "जेवलात का?" असा केला. टेस्ट कशी होते, काय निघू शकतं, काय निघालं तर काय करायचं, सगळं टेस्टच्या आधी सांगितलं. सहीचा कागद वाचून दाखवला, कारण माझ्या एका डोळ्याला पट्टी आणि दुसरा बारीक अक्षर घेत नव्हता. वहीत नाव, पण नळीवर नंबर. पहिल्या टेस्टमध्ये काही आलं तर त्याच रक्ताच्या आणखी दोन, वेगळ्या किटवर, आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणायचं. रक्त देऊन बाहेर आले आणि जेवणाची सुट्टी झाली. दीड ते अडीच मी लिंबाखाली बसून एका ब्लाउजची काजं केली, एका डोळ्यानं. नंतर ती सगळी उसवावी लागली.

मला वेळ लागला तेव्हाच मी समजले. पहिली निगेटिव्ह आली असती तर लवकर बोलावलं असतं.

सरांनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला नाही, सरळ ठेवला. "ताई, पॉझिटिव्ह आलाय." आणि मग गप्प बसले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पंख्याचा आवाज आठवतो, एक पातं वाकडं होतं. त्यांनी धीर द्यायची घाई केली नाही, देव आहे म्हणाले नाहीत. मी पहिल्यांदा बोलले ते, "गौरीचे अकरा ब्लाउज घेऊन ठेवलेत." ते म्हणाले, "गौरी कधी बसतात?" "एकवीसला." "मग होतील की." त्यांनी तारखांचा हिशोब करून दिला: कुठल्या दिवशी एआरटीला, म्हणजे एचआयव्हीच्या औषधाला यायचं, कुठल्या दिवशी डोळ्याला, मधले दिवस शिवायला. पाच तारे. पाटीचा दोष त्यांचा नाही.

मला हे कुठून आलं ते मी इथं लिहिणार नाही. तो या रिव्ह्यूचा विषय नाही. यांनीही टेस्ट केली. त्यांच्या रिपोर्टचं त्यांना लिहायचं तर त्यांनी लिहावं. घरी सांगताना मला जमेना तेव्हा सरांनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं, माझी परवानगी घेऊन. त्या मधल्या एका रात्री मी १०९७ वर, एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला होता, मोरीत नळ सोडून. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. पलीकडची मुलगी नळाचा आवाज ऐकून म्हणाली, "सावकाश बोला, मी थांबते."

एक गोष्ट मी चुकीची धरून बसले होते. डोळ्यात पहिल्यांदा दिसलं म्हणजे आजार नुकताच लागला. एआरटीच्या डॉक्टरांनी तो गैरसमज काढला. माझं सीडीफोर, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींचा आकडा, १६८ आलं. निरोगी माणसाचं पाचशेच्या वर असतं. इतकं खाली यायला वर्षं लागतात. तोंडातला थर, वजन, या आधीच्या खुणा होत्या, मी त्यांना उपवास आणि जिरं समजले. नागीण मात्र सीडीफोर बरं असतानाही येऊ शकते, म्हणून तरुण माणसाला आली की तिथंच टेस्ट केलेली बरी. तेव्हा पकडलं तर पुढचं बरंच टळतं.

पुढचं म्हणजे काय, ते बाकावर भेटलं. एआरटीच्या रांगेत माझ्याशेजारी एक ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर होता. त्याचा डोळा कधी लाल झाला नाही, दुखला नाही. समोर माशा उडाल्यासारखं दिसायचं, मग एका कोपऱ्यातून पडदा ओढल्यासारखं अंधारत गेलं. त्यानं काच पुसली, चष्मा बदलला, रात्रीची ड्युटी सोडली. सीडीफोर पन्नासच्या खाली गेलं की सीएमव्ही नावाचा विषाणू डोळ्याचा पडदा खातो. त्याचा एक डोळा गेला, दुसरा डोळ्यात इंजेक्शनं घेऊन राखला. माझी नागीण ठणकली म्हणून मी धावले. त्याला ठणकाच नव्हता. डॉक्टर बाईंनी मला आणखीही सांगितलंय: पापणीवर मोत्यासारखे बारीक फोड वाढत राहणं, बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर मांसासारखी गाठ, आतली सूज जी थेंबांनी दबते आणि परत येते आणि जिच्या मुळाशी टीबी किंवा गरमी (सिफिलिस) निघते. यातलं काही आलं तर नुसते थेंब घेऊन परत यायचं नाही.

एआरटी सेंटरबद्दल थोडक्यात, कारण तिथं आता मला घरच्यासारखं झालंय आणि घरच्याचा रिव्ह्यू काय लिहायचा. औषध फुकट. महाराष्ट्रासह काही राज्यांत २००४ पासून मिळतंय. आता सीडीफोर किती का असेना, रिपोर्ट आला की गोळी सुरू करतात. माझी चौदा सप्टेंबरला झाली. रोज एकच, तिच्यात तीन औषधं. सुरुवातीला महिन्याची बाटली, आता तीन महिन्यांची एकदम. सोबत दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून सेप्ट्रान होती आणि सहा महिने टीबी होऊ नये म्हणून गोळी. मी रक्तासाठी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी घ्यायचे, ती या गोळीबरोबर उपाशीपोटी घ्यायची नाही हे मात्र डॉक्टरांनी नाही, औषध देणाऱ्या मुलानं सांगितलं, खिडकीतून वाकून. तीन तास लागतात, पंखे कमी, बायकांचं स्वच्छतागृह कुलपात. चावी शिपायाकडं आणि शिपाई चहाला. साडेतीन.

बाटलीचं एक आहे. ती वाजते. गोळ्यांचा खडखड आवाज एसटीत सगळ्यांना ऐकू जातोय असं वाटायचं. मी पॉपलिनची चिंधी कोंबते आणि बाटली बॉबिनच्या डब्यात ठेवते. सासूबाई बॉबिनच्या डब्याला हात लावत नाहीत, धागा गुंततो म्हणून.

गोळी सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी डोळा परत लाल झाला, धूसर झाला. असं होऊ शकतं, अंगात ताकद परत आली की डोळ्याच्या आत सूज येते, आणि झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नको, असं डॉक्टर बाईंनी आधीच बजावलं होतं. पण तो गुरुवार होता, पाऊस होता, आणि ट्रस्टचं हॉस्पिटल लांब. म्हणून मी जवळच्या एका चकाचक खाजगी नेत्रालयात गेले. एसी, मासिकं, मोफत कॉफी. प्रामाणिकपणे फाइल दाखवली. काउंटरवरच्या मुलीनं ती वाचली आणि दहा फुटांवरच्या सहकाऱ्याला आवाज दिला, "पॉझिटिव्ह पेशंट आहे, सरांना विचार घ्यायचं का." नंतर माझ्या फाइलवर लाल गोल स्टिकर लावला. डॉक्टरांनी दोन हातमोजे एकावर एक घातले आणि डोळ्यातला दाब न मोजताच "मशीन बिघडलंय" म्हणाले. माझ्या आधीच्या आजोबांचा मोजला होता, मी काचेतून बघत होते. कॉफी चांगली होती. शून्य.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टमध्ये गेले. तिथं मोजला तर दाब वाढलेला निघाला. आणखी चार दिवस उशीर केला असता तर, म्हणाल्या डॉक्टर बाई, आणि वाक्य तिथंच सोडलं.

आज हिशोब असा आहे. कपाळावर खडूच्या रेघेपर्यंत चट्टे राहिलेत, केस पुढं घेते. डाव्या डोळ्याला मशीनच्या दिव्याभोवती गोल दिसतो. त्या बुबुळाला अजून अर्धवटच जाण आहे, धागा-कापसाचं कुसळ गेलं तरी कळत नाही, म्हणून दिवसातून सहा वेळा डोळे ओले ठेवायचे थेंब आणि रात्री आरशात बघणं. कपाळ पावसाळ्यात ठणकतं. काळ्या कापडावर काळा धागा असेल तर मुलगी सुई ओवून देते. सहा महिन्यांनी व्हायरल लोड केला, रक्तात विषाणू सापडला नाही असा रिपोर्ट आला. पडद्यावरचे कापसाचे डाग तर त्याच्याही आधी गेले होते. अकरापैकी नऊ ब्लाउज गौरीच्या आधी दिले, दोघींनी कुरकुर केली.

ट्रस्टच्या हॉस्पिटलात जाणार असाल तर सकाळी आठच्या आत पोचा, पाण्याची बाटली घरून न्या. फोड, पुरळ काही असेल तर साथीच्या रांगेत गप उभे राहू नका, पहिल्याच खिडकीत दाखवा. बाहुलीचे थेंब घातल्यावर चार तास धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही, गॉगल लागतो. परतीला सोबत कोणीतरी न्याच. फक्त बाहेर बसा म्हटल्यावर बाहेर बसेल असं माणूस न्या.